पंचनाम्यातले चाळीस

जीपमध्ये कोणीच बोलत नव्हते. नऊ माणसे, मिरच्यांची दोन पोती आणि त्या सगळ्यांवर धुळीसारखी बसलेली एक चिडलेली शांतता. प्रत्येकाची नजर ड्रायव्हर अभिमनच्या खांद्यावरून येऊन माझ्यावर टेकली होती. मी चाळीसवर होतो; रस्त्याकडेच्या फलकावरही चाळीसच लिहिले होते. बाहेर शाळेची पिवळी भिंत संथपणे मागे सरकत होती आणि उजवीकडून एकेक वाहन हॉर्नचा चाबूक ओढून पुढे निघून जात होते.

“भाऊ,” शेवटी मागच्या बाकावरून बेबाबाई म्हणाल्या, “गाडी आजारी शे का तू?”

“दोन्ही बरा शेतस, अक्का. शाळा उनी.”

“आज ते सुटी शे!”

“बोर्डले सुटी नही.”

“उतरीसन ढकलू का मंग?” कापसाचा व्यापारी तोताराम म्हणाला आणि सगळी जीप हसली. अभिमनही हसला. मला हसता येत नाही. मला फक्त थरथरता येते, आणि त्या दिवशी मी संतापाने थरथरत होतो.

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. दोंडाईचा ते शिरपूर धावणाऱ्या एका काळ्या-पिवळ्या जीपमध्ये, स्टेअरिंगच्या मागे, गोल काचेआड राहून मी वेग सांगतो. माझे जग शून्यापासून एकशे चाळीसपर्यंतच्या एका कमानीत मावते. ज्या कारखान्यात मी घडलो, तिथे एका कामगाराने मला मोजणीच्या यंत्रावर चढवले, साठचा वेग दिला, मी साठवर थांबलो का ते डोळा बारीक करून पाहिले आणि माझ्या पाठीवर शिक्का मारला. मला मिळालेली ती पहिली शाबासकी होती. खरे बोलल्याबद्दल मिळाली होती. वाटले, जगात हीच रीत असेल.

जीपच्या पहिल्या मालकाने सहा महिन्यांत माझी तार काढून टाकली. वेगाबरोबर गाडीचे एकूण धावणेही त्याच तारेवर मोजले जाते. तार काढली, की गाडी कितीही पळो, कागदोपत्री नवीच राहते. विकताना भाव चांगला येतो. त्यानंतर नऊ वर्षे मी शून्यावर पडून होतो. समोरच्या काचेतून झाडे उलटी पळताना दिसत, तापीचा पूल एका दचक्यात संपून जाई, आणि मी सांगत राही : आपण उभे आहोत. खोटे बोलण्याहून अधिक वेदना एकाच गोष्टीत असते. आपल्या तोंडून खोटे वदवले जाते आणि आपल्याला साधे थरथरताही येत नाही.

मग अभिमनने ही जीप घेतली. गॅरेजवाल्या किरणला त्याने पहिली गोष्ट सांगितली, ती माझ्या तारेची. किरण पान्ह्याने डोके खाजवत म्हणाला, “भाऊ, ब्रेक पाहू आधी. या रस्त्याले काटानं काय काम? स्टँडवर बठ्ठास्ना काटा मरेल शेतस.”

स्टँडवरच्या सगळ्यांचेच काटे मेलेले होते. “मना जित्ता पाह्यजे,” अभिमन म्हणाला. आणि किरण सीटखाली आडवा होऊन तार जोडत असताना त्याने जे सांगितले, ते मी माझ्या आंधळ्या काचेआडून ऐकले.

अभिमन पूर्वी केळीचा ट्रक चालवत असे. केळी वाट पाहत नाही. उशीर झाला की घड काळा पडतो, म्हणून मालक फोनवर सतत एकच शब्द म्हणे : दाब. एका सकाळी जळगावकडच्या एका गावात, चाळीसच्या फलकाखाली, त्याच्या ट्रकने निंबा नावाच्या माणसाची सायकल उडवली. त्या वेळी ट्रकचा काटा पंच्याऐंशीवर होता. अभिमनने तो पाहिला होता. पंचनामा करायला आलेल्या पोलिसाने मात्र ट्रकमध्ये डोकावलेही नाही. त्याने मान वर करून फलक पाहिला आणि लिहिले : ‘वाहन ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जात असता, सायकलस्वार निष्काळजीपणे आडवा आला.’ मालकाने खांद्यावर हात ठेवला. अभिमनने सही केली. निंबाचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला आणि दोषही त्याच्याच नावावर राहिला.

“मी सुटी गऊ,” अभिमन किरणला म्हणाला. “पन तो आकडा नही सुटना.”

मित्रांनो, मला राग येतो तो इथे. रस्त्यावर चाळीस कोणी पाळत नाही, पण कागदावर सगळे चाळीसनेच चालतात! ज्या आकड्याला रस्त्यावर वेड्यात काढले जाते, तोच आकडा अपघातानंतर साक्षीदार म्हणून उभा केला जातो आणि त्याच्याकडून पडलेल्या माणसाविरुद्ध साक्ष घेतली जाते. हा कसला न्याय? फलक पोरांना वाचवण्यासाठी रोवला होता, की मारणाऱ्यांना?

तार जोडली गेली. मी नऊ वर्षांनी हललो. पंधरा, बावीस, एकतीस. अभिमनने माझी काच सदऱ्याच्या बाहीने पुसली. पुढची चार वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर वर्षे होती, आणि सर्वांत अपमानाचीही.

कारण आमच्या स्टँडची रीत अशी, की जो पलीकडे आधी पोचेल, त्याचा परतीचा नंबर आधी. स्टँडच्या भिंतीवर काळा फळा आहे. जीप पोचली की चालकांचा म्होरक्या लीलाधर खडूने नाव लिहितो. त्यामुळे प्रत्येक जीप दुसरीला मागे टाकायलाच निघते. अभिमनचे नाव नेहमी शेवटी येई. दुपारच्या उन्हात तो रिकाम्या गाडीत वाट पाहत बसे. पोलिसांची गाडीसुद्धा शाळेपुढून आम्हांला सुसाट ओलांडून जाई, आणि आतून एक हात बाहेर येऊन म्हणे, हो बाजूला. मी त्या गाडीचा काटा कधी पाहिला नाही. पण माझ्या चाळीसवरून तिचा वेग मला नीट कळत असे. तेवढे गणित काट्यालाही येते.

मधल्या गावच्या ज्योत्स्नाबाई, शाळेतल्या शिक्षिका, तेवढ्या आमच्यासाठी दोन-दोन जीप सोडून थांबत. पुढे त्यांचे पाहून आणखी चारपाच जण थांबू लागले. आणि नेमके हेच स्टँडला खुपले. अभिमन हळू चालवतो, यावर हसता येत होते. लोक त्याच्यासाठी थांबतात, हे कसे सोसावे?

गेल्या सोमवारी लीलाधरने जीपच्या बॉनेटवर हात ठेवला.

“अभिमन, तुनामुळे बठ्ठी लाइन लटकस. पॅसेंजर आम्हले सांगतस, त्यानामायक चलाव. एक ते बठ्ठास्नामायक चलाव, नही ते फळावरथून तुनं नाव पुसी टाकसू.” म्हणजे सगळ्यांसारखे पळव, नाहीतर फळ्यावर नाव नाही.

“मी नियम तोडी राह्यनू का, भाऊ?”

“नियम?” लीलाधर हसला. समोरच्या टपरीवर चहा पीत बसलेल्या पोलीस जमादारांकडे त्याने बोट केले. “हाऊ बठेल शे नियम. इचार त्यास्ले. त्या चाळीस म्हनतीन ते तुना नंबर कायम. मना शब्द.”

सगळे चालक भोवती जमले. जमादार पेला हातात घेऊनच आले. त्यांनी लीलाधरचे ऐकले, अभिमनचे ऐकले, खिडकीतून आत वाकून माझ्याकडेही क्षणभर पाहिले. चार वर्षांत खाकी वर्दीतली नजर माझ्यावर पडली ती ही पहिलीच.

“चालू आहे की रे हा!” ते हसून म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, “हे बघ अभिमन, तू माणूस सज्जन आहेस. पण रस्ता सगळ्यांचा असतो. सगळे ज्या वेगाने जातात त्या वेगाने जावं. एकट्याने हळू चालणं म्हणजे अडथळाच की. आम्ही काही तुला पकडणार आहोत का?”

चालक हसले. लीलाधर फळ्याकडे वळला. मित्रांनो, तुम्ही उद्या गाड्या चालवाल. तुमच्याही गाडीत माझा कोणी भाऊबंद काचेआड बसलेला असेल. फलकापाशी एकदा त्याच्याकडे पाहा, आणि मागचा हॉर्न वाजवत असला तर वाजवू द्या. हॉर्नने कोणाचा पाय तुटत नाही. एवढेच मागणे आहे. उपदेश करण्याइतका मी मोठा नाही. मी एक बोटभर लांबीची पत्र्याची पट्टी आहे.

अभिमन जीपमधून खाली उतरला. तो जमादारांपेक्षा वयाने मोठा, तरी हात जोडून उभा राहिला.

“बरं साहेब. सगळ्यांसारखं चालवतो. ऐंशीनं चालवतो. फक्त एक सांगा. उद्या त्या शाळेपुढं माझ्या चाकाखाली एखादं पोर आलं, तर पंचनामा तुम्हीच कराल. त्यात माझा वेग किती लिहाल?”

पुसायला उचललेला लीलाधरचा हात अभिमनच्या नावापाशी हवेत थांबला.

जमादारांनी उरलेला चहा मातीत ओतला, पेला टपरीच्या फळीवर पालथा ठेवला, टोपी नीट केली आणि ते आपल्या मोटारसायकलीच्या दिशेने चालू लागले.