तीन मजली आई

वस्तीत त्याला सगळे छिन्नी म्हणत. थोरला भाऊ गवंडी. त्याच्याच हाताखाली तो गिलावा शिकला, पण लावण्यापेक्षा उडवण्यात त्याचा जीव जास्त. जुन्या भिंतीचा गिलावा तो कुठे बोटभर, तर कुठे पार विटेपर्यंत फोडायचा आणि आठवडाभरात त्यातून एक भलामोठा चेहरा बाहेर यायचा. रंगाचा थेंब नाही. नुसती वीट, सिमेंट आणि सावली. बसचा ड्रायव्हर, चपला शिवणारा, रस्ता झाडणारी बाई असे साधे चेहरे. लोक थांबून फोटो काढायचे. पेपरात नाव यायला लागलं.

मग त्यानं आईला कोरायचं ठरवलं. आईनं एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुतल्या होत्या. त्याच धुलाईखान्याची तीन मजली भिंत त्यानं निवडली आणि इस्पितळाच्या साहेबांची रीतसर परवानगी काढली. आईला तेवढं सांगितलं नाही. तिला एकदम दाखवायचं होतं. समोर ठेवायला एक जुना फोटो होता, कामाची पाळी संपवून ती धुलाईखान्याच्या आतल्या दारातच बसली होती तेव्हाचा. केस पिंजारलेले, डोळे खोल गेलेले, तोंड अर्धवट उघडं. ती प्रत्येक सुरकुती त्यानं मन लावून कोरली.

काम झाल्यावर तो तिला घेऊन गेला. ती मान वर करून बराच वेळ बघत राहिली, छान झालंय म्हणाली आणि घरी चल म्हणाली. तिला भरून आलं, असं त्यानं वार्ताहरांना सांगितलं.

सहा महिन्यांनी ओळखीच्या एका ड्रायव्हरचा फोन आला, की तुझ्या भिंतीला परांची लागलीय. छिन्नी धावतच गेला. परांचीवर थापी घेऊन दादा उभा होता. केस आणि कपाळ बुजून गेलं होतं. डोळ्यांवर गिलावा चढत होता.

छिन्नीनं खालून नाही नाही ते सुनावलं. दादानं हातातलं घमेलं खाली ठेवलं.

"मला काय बोलतोस? आईनं सांगितलंय."

आई इस्पितळाच्या साहेबांकडे तीनदा जाऊन आली होती. शेवटी तिनं चेहरा बुजवा म्हणून अर्ज लिहून दिला होता.

तो तसाच घरी गेला. आई खिडकीशी बसून उशीचा अभ्रा शिवत होती. तिनं सुई थांबवली नाही. म्हणाली, भिंतीसमोरच बसथांबा आहे. जुन्या मैत्रिणी चेष्टा करायच्या, की आता तुझ्या नाकाखाली उभं राहून बस पकडतो. मीही हसायचे. मग मागच्या गल्लीनं जायला लागले.

"अगं, पण तुझ्या कष्टांचा मान होता तो," छिन्नी म्हणाला.

"एकतीस वर्षं मी तोंड धुऊन, केस विंचरूनच कामावरून बाहेर पडले. त्या अवतारात मला रस्त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तू साऱ्या गावाला दाखवलंस. एकदा विचारायचं तरी होतंस."



दुसऱ्या दिवशी वार्ताहराचा फोन आला, भिंत कुणी बुजवायला घेतली म्हणून.  छिन्नी म्हणाला, इस्पितळानं, त्यांना कष्टकऱ्यांचा चेहरा सलतो. सकाळी ते पहिल्या पानावर आलं. दुपारी माणसं फलक घेऊन भिंतीपाशी जमली. कुणीतरी दादावर दगड भिरकावला, तो खांद्याला लागला. साहेबांनी घाबरून काम थांबवलं. दादा थापी उचलून निघून गेला आणि भिंतीवर नाकाखालचं तेवढं राहिलं, ते अर्धवट उघडं तोंड.

वार्ताहराला एक फोन केला असता तर सगळं निवळलं असतं. छिन्नी रोज उद्यावर ढकलत गेला. तेवढ्यात त्या बातमीमुळे परगावची बोलावणी यायला लागली आणि मग खरं सांगणं फारच अवघड होऊन बसलं.

दादा त्याच्याशी बोलत नाही. आई बोलते. तो आला की पुसून खुर्ची देते, प्रवास कसा झाला विचारते. परवा चहा टाकताना तिनं विचारलं, साखर किती घेतोस.