सोललेली कोळंबी

थवीतने पाचव्या कोळंबीचं डोकं मोडलं, कवच ओढून काढलं आणि कोळंबी कन्लयाच्या भातावर ठेवली. पाचवी. राम्फाय समोर बसून पाहत होती. सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसाने तिला एकही सोलून दिली नव्हती.

लोपबुरीहून तिघं सकाळीच निघाली होती, ती सूर्य बुडता बुडता प्राणबुरीच्या किनाऱ्यावरच्या या साध्याशा हॉटेलात टेकली. कन्लया राम्फायची शाळेपासूनची मैत्रीण. तिचा नवरा विरोत जाऊन दीड वर्ष झालं होतं. बिचारीला समुद्रावर नेऊन आणू या, ही कल्पना राम्फायचीच. थवीतला तिनेच तयार केलं होतं. आता भोग आपल्या कर्माची फळं, ती स्वतःला म्हणाली आणि पपईच्या कोशिंबिरीतली मिरची मुद्दाम चावली.

कोळंबी सोलून देणं ही काय साधी गोष्ट असते? एखाद्या पोराने एखाद्या पोरीला सोलून दिली, की दोघांचं जुळलं म्हणून दुसऱ्या दिवशी गल्लीभर कुजबुज. लग्नाआधी थवीत तिला पहिल्यांदा जेवायला घेऊन गेला, तेव्हा राम्फायने आपला कामसूपणा दाखवायला भराभर सोलून त्याच्याच ताटलीत ढीग लावला होता. मूर्खपणा, दुसरं काय! तेव्हापासून तोच रिवाज पडला. सोलायच्या तिने, खायच्या त्याने.

मालकीणबाई भाताचं भांडं घेऊन आल्या. कन्लयाच्या ताटलीकडे पाहून हसल्या.

“काका बायकोचे फार लाड करतात हं.”

“बायको ही,” असं म्हणून थवीतने राम्फायकडे बोट दाखवलं. बोटाला कोळंबीच्या डोक्यातलं पिवळं लागलेलं होतं. मालकीणबाई ओशाळून भात वाढून निघून गेल्या. राम्फायच्या अंगाचा तिळपापड झाला.

“हाताला काही लागलंय का गं तुझ्या?” तिने कन्लयाला विचारलं. आवाज गोडच ठेवला होता.

कन्लयाने चमचा खाली ठेवला.

“नाही गं. मला सोलायला येत नाही.”

“म्हणजे?”

“अठ्ठावीस वर्षं विरोतच सोलायचा. मी कधी हातच लावला नाही. तो गेल्यावर एकदा बाजारातून आणल्या, भाजल्या, आणि नुसती बघत बसले. सुरुवात कुठून करायची तेच कळेना. शेवटी शेजारणीला देऊन टाकल्या.”

थवीतने मान वर केली नाही. मघाशी राम्फाय हात धुवायला गेली होती, तेव्हा कन्लया एक अख्खी कोळंबी उलटसुलट करून हळूच परत ठेवताना त्याला दिसली होती, एवढंच तो पुटपुटला.

राम्फायला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोला, त्याच्याही आधी तिला हेवा वाटला, आणि आता तो थवीतवरून नव्हता. अठ्ठावीस वर्षं! साधी कोळंबी सोलता येऊ नये, इतकं कुणी कुणाला जपावं? मेलेल्या माणसाच्या प्रेमावर आपण जळतोय हे तिला कळत होतं आणि तरी ती जळत होती.

तिने खुर्ची कन्लयाजवळ ओढली.

“अहो, पुरे आता. तुम्ही जेवा,” ती नवऱ्याला म्हणाली. मग कन्लयाच्या हातात एक कोळंबी दिली. “डोकं पिळून काढ. ओढू नकोस. आता पायांच्या बाजूने अंगठा घाल.”

पहिली कोळंबी मधेच तुटली. दुसरी कवचासकट टेबलाखाली गेली आणि बऱ्याच महिन्यांनी कन्लया खळखळून हसली. मग राम्फायही हसली, मनात नसताना. रस कन्लयाच्या मनगटापर्यंत ओघळत होता, पण ती थांबली नाही. तिसरी कशीबशी सुटली. थोडी चेंगरली होती आणि पाठीवर कवचाचा एक तुकडा तसाच होता.

थवीतने चेष्टेने आपली ताटली पुढे केली. कन्लयाने ती कोळंबी राम्फायच्या भातावर ठेवली.

“मघापासून तुझ्या ताटलीत एकही नाही,” ती म्हणाली.

राम्फाय भाताकडे बघत राहिली. मग तिने चमचा उचलला.

“अगं, कवच राहिलंय तिला,” थवीत म्हणाला. “दे इकडे, मी काढून देतो.”

“राहू द्या,” राम्फाय म्हणाली आणि कवचासकट चावून खाल्ली.