हिरव्या फांद्यांभोवतीची पाच मुले

मित्रांनो, मी एक जुने चित्र आहे. मिनेसोटातल्या एका लहान गावाच्या पोस्टात, तिकिटांच्या खिडकीवरच्या भिंतीला मी चाळीस वर्षे चिकटून आहे. मोठ्या मंदीत सरकार बेकार हातांना काम देत होते. कुणाला रस्ता मिळाला, कुणाला पूल, आणि केसल नावाच्या शहरी चित्रकाराला ही भिंत. गोठलेल्या तलावावर स्केटिंग करणारे गाव त्याने माझ्यात रंगवले. रंगवले मात्र भर उन्हाळ्यात, एका फोटोवरून.

फोटोत बर्फात खोवलेल्या हिरव्या फांद्या होत्या. त्याला वाटले, नाताळची सजावट असेल. म्हणून त्याने फांद्यांभोवती हातात हात धरून गिरक्या घेणारी पाच मुले काढली.

मला भिंतीवर चढवले त्या दिवशी तलावाचा बर्फ कापून विकणारे हाल्वर स्टेन्स्रूड टोपी काढून बराच वेळ बघत राहिले.

"साहेब, ती सजावट नव्हे. खाली झरा आहे, तिथं बर्फ पातळ असतो. कुणी जाऊ नये म्हणून आम्हीच फांद्या खोवतो. मुलं तेवढी पुसा."

"काका," केसल म्हणाला, "आराखड्याला वरून मंजुरी आलीय. आता एक रेघ बदलायची तरी पुन्हा राजधानीला लिहावं लागेल."

"अहो हाल्वर," पोस्टमास्तर म्हणाले, "इथलं शेंबडं पोरही फांद्या ओळखतं. चित्र बघून कोण बुडणार आहे?"

सगळे हसले. मीही मनातून सुखावले, कारण माझ्यातली सर्वांत देखणी तीच मुले होती. आज ते आठवले की लाज वाटते.

त्याच वर्षी व्हर्ना प्रुइट आपल्या सात वर्षांच्या नेल्डाला घेऊन गावात राहायला आली. तिच्या दक्षिणेकडच्या मुलखात तळी गोठत नसत. आई रांगेत असली की नेल्डा मान वर करून माझ्याकडे बघत राही.

"आई, झाडांभोवती फिरायचं असतं का गं?"

"असेल. इथली रीत असेल," तिकीट चिकटवता चिकटवता व्हर्ना म्हणाली.

जानेवारीत नेल्डा एकटीच फांद्यांपाशी गेली. हाल्वरनी बर्फ ओढायच्या आकड्याने तिला बाहेर काढले, तेव्हा सारे संपले होते. दुसऱ्या दिवशी ते पांढरा रंग घेऊन आले. मंजुरीचे नाव कुणी काढले नाही. शिडी पोस्टमास्तरांनीच धरली. पाचही मुले रंगाखाली गेली आणि मला जरा हलके वाटले.

व्हर्ना गाव सोडून गेली नाही. दर आठवड्याला ती रांगेत उभी राही, त्या पांढऱ्या जागेकडे बघे आणि पत्र टाकून घरी जाई.

गेल्या वर्षी शहरातून जाणकार मंडळी आली. कुणीतरी खोडसाळपणा केलाय, असे म्हणत त्यांनी पडद्याआड महिनाभर कापसाच्या बोळ्यांनी मला पुसले. हाल्वर आणि पोस्टमास्तर केव्हाच वारले होते. गावात आणखी कुणाला विचारावे, असे त्यांच्या मनात आले नाही. पडदा निघाला, पाचही मुले पुन्हा दिसू लागली, टाळ्या पडल्या, केक कापला गेला.

सोमवारी व्हर्ना आली. तिने वर पाहिले.

"मीच म्हटलं होतं तिला, रीत असेल म्हणून."

"काय म्हणालात, आजी?" खिडकीतल्या मुलीने विचारले.

"काही नाही गं. एक तिकीट दे."

तेव्हापासून ती आत येत नाही. पत्र बाहेरच्या पेटीत टाकते.

मित्रांनो, जुन्या चित्रांची निगा जरूर राखा. पण पुसायला हात उचलाल, तेव्हा आधी रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. तो पांढरा रंग म्हणजे घाण नव्हती. माझी खरी निगा राखली गेली ती तेवढी एकदाच.