कोरी यायला हवी होती ती नळी

पुण्याच्या प्रयोगशाळेत गौतमीने जेलवर उमटलेली डीएनएची ती पट्टी पुन्हा निरखून पाहिली. ज्या नळीत आरएनएचा डीएनए करणारं एन्झाइम तिने मुद्दाम घातलं नव्हतं, ती कोरी यायला हवी होती. तिच्यातही पट्टी ठसठशीत उमटली होती. म्हणजे बॅक्टेरियातला सड आणणारा जीन जागा झाल्याचा पुरावा मिळालाच नव्हता. नमुन्यात राहून गेलेला बॅक्टेरियाचा मूळ डीएनएच पीसीआरने वाढवून दाखवला होता. तो नाहीसा करणारं दुसरं एन्झाइम लोडशेडिंगमध्ये फ्रीज बंद राहून निकामी झालं असणार. पडताळणीची एवढी साधी नळी तिने आधी लावली नाही, आणि निघाली होती गावाला शहाणं करायला.

कारण उन्हाळ्यात पुण्याहून कवठे येमाईला गेल्यावर तिने हौसरावांना छातीठोक सांगितलं होतं, पातीसकट शेतात सुकवलेल्या कांद्यात सड आणणारा जीन जागा होतो; पात लगेच कापा, कांदा थेट साठवणीच्या चाळीत भरा. मोठ्या बागायतदाराने बौद्धवाड्यातल्या पोरीचं ऐकावं, हेच नवल. पण त्यांनी ऐकलं. तिचे वडील म्हाळू त्यांच्याच कांदाचाळीवर मजुरीला. हौसराव त्यांना त्या दिवसापासून 'म्हाळूआबा' म्हणू लागले, शेजारी खुर्ची देऊ लागले. म्हाळू त्या खुर्चीत अगदी कडेवर टेकायचे, पण घरी आल्यावर त्या खुर्चीचंच पुन्हा पुन्हा सांगत बसायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती गावी थेट चाळीवर आली. हौसराव आणि म्हाळू शेजारी बसून चहा पीत होते.

"मामा, माझं चुकलं," ती हौसरावांना म्हणाली. "पातीसकट सुकवल्यानं सड येती, ह्याला पुरावाच न्हाई. टेस्टनं खोटं दाखवलं आन् मी तपासलं न्हाई. न सुकवता, ओल्या मानेचा कांदा भरलाय, तो सडंल. आजच भाईर काढून पसरा."

हौसरावांनी बशी खाली ठेवली. चाळीच्या फटीतून एक कांदा काढून त्यांनी त्याची मान दाबून पाहिली. त्यांनी ओरडावं, शिव्या द्याव्यात, असं गौतमीला वाटलं. ते तिला सोसलं असतं.

"आपणहून सांगाया आली पोर, मालक," म्हाळू हळूच म्हणाले.

"व्हय," हौसराव म्हणाले. "ए म्हाळू, ऊठ. चाळ फोडाय घे."

म्हाळू उठले. त्यांनी खुर्ची उचलून भिंतीला लावली. मग आपली कपबशी विसळली आणि कुणी न सांगता बाहेर वळचणीला नेऊन ठेवली, पूर्वी ठेवायचे तिथे.