घरचं रक्त

मोतीरामने सत्यभामेच्या दंडाला रबर आवळले आणि शीर वर येईपर्यंत कोपराच्या खळीत टिचक्या मारल्या.

"बांगड्या वर सरकवा वहिनी. मूठ आवळा."

"लई दुखंल का रे?" शिवराजने विचारले.

"टोचायचं मला, अन् घाम ह्यांना!" सत्यभामा हसली. "घ्या भाऊजी, लागंल तेवढं घ्या. रगत काय आपल्या नळाच्या पाण्यावानी आठ-आठ दिसांनी येत नाय."

मोतीराम गारखेड्यातल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होता, राहायला त्यांच्याच गल्लीत. त्याने भरलेली नळी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. शिवराजने ती डब्याच्या पिशवीत ठेवली आणि सायकल काढली.

चिकलठाण्याच्या पुढे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे गाळायचा कारखाना होता. रिक्षांच्या, गाड्यांच्या, इन्व्हर्टरच्या मेलेल्या बॅटऱ्या तिथे यायच्या, कुऱ्हाडीखाली फुटायच्या, भट्टीत वितळायच्या आणि शिशाच्या विटा होऊन बॅटरीवाल्यांकडे परत जायच्या. लाईट गेल्यावरही ज्यांचा पंखा थांबत नाही, त्यांना यातले काही ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घ्यायचेही नव्हते.

कामगारांचे रक्त अधूनमधून तपासले जाई. शिसे हद्दीच्या वर गेले की माणसाला 'आराम' द्यायचा, असा नियम. ठेकेदाराच्या माणसाला आराम म्हणजे घरची वाट, आणि त्या वाटेने परत कुणाला बोलावल्याचे आजवर कुणी पाहिले नव्हते. म्हणून भट्टीवरच्या लोकांनी तोड काढली होती. गावाकडून भाऊ, साडू, मेव्हणा कुणीतरी यायचा, आपले रक्त द्यायचा. त्याला ते 'घरचं रक्त' म्हणायचे. लॅबवाला नळी बदलून घ्यायचा. साहेबांना हे माहीत होते. रिपोर्ट स्वच्छ येत होते, मालक खूश होता, सरकारही खूश होते. माणसे तेवढी आतून सडत होती, पण ते रिपोर्टात येत नव्हते.

शिवराजचा भाऊ दर वेळी फर्दापूरहून यायचा. या वेळी अजिंठ्याची लेणी बघणाऱ्यांची गर्दी होती, त्याला भाड्याची गाडी सोडून येता येईना. तेव्हा सत्यभामेनेच हात पुढे केला होता.

चार दिवसांनी सुपरवायझर नानासाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावले.

"काय रे, कुणाचं आणलं व्हतं?"

"का साहेब?"

"का काय का! अख्ख्या खात्यात तुझ्या एकट्याचं शिसं वर गेलंय. हद्दीच्या लई वर. मला वाटलं, येड्यानं सोताचंच दिलं."

शिवराजला आधी हसूच आले. "मशीन बिघडलं असंल. बायकोचं व्हतं."

"बायको कुठं भंगारात जाती का?"

"नाय. घरीच असती. तिनं तर ह्यो कारखाना बघितला बी नाय."

नानासाहेबांची नजर शिवराजच्या बाहीवरून विजारीवर उतरली. राखाडी धुरळा शिवणीशिवणीत बसला होता. कारखान्यात कपडे धुवायची आणि अंघोळीची सोय होती, कागदावर. खरे न्हाणीघर फुटक्या बॅटऱ्यांनी छतापर्यंत भरले होते. कपडे घरीच जात. सत्यभामा ते दारात झटकायची, मग मोरीत धोपटायची आणि पाणी काळे निघाले की म्हणायची, "बघा, किती कष्टाचं हाय."

नानासाहेबांनी खुर्ची हळूच मागे सरकवली.

"घरात अजून कोन हाय?"

"पोरगी. पहिलीला हाय."

"मग झालं तर! लेकराचं साफ असतंय. परवा लॅबवाला येतो तवा आण, मी नळी बदलाया लावतो. अन् बायकोचं कुठं बोलू नको. बोललास तर तू बी घरी, मी बी घरी."

सुटताना गेटवर रोजच्यासारखा गुळाचा खडा मिळाला. गुळाने शिसे उतरते, असे कुणीतरी मालकाला सांगितले होते, आणि गूळ न्हाणीघरापेक्षा स्वस्त पडत होता. शिवराज तो कधीच खात नसे. खिशात टाकून राजनंदिनीसाठी न्यायचा. संध्याकाळी दारात पोरीचा हात आधी त्याच्या खिशात जायचा. वळणावर त्याने सायकल थांबवली. खिसा उलटा केला. खड्याला चिकटलेली राखाडी पूड त्याने बोटाने पुसून पाहिली, मग तो खडा नालीत टाकला आणि बराच वेळ विजारीला हात पुसत उभा राहिला.

घरी आला तो मोतीरामला घेऊनच.

"आता आनखी कशाला?" सत्यभामा म्हणाली. "माझं चाललं नाय का?"

"नमुना खराब झाला म्हनं. राजनंदिनीचं घ्यायचं."

"घ्या बया, लेकराला बी कामाला लावा!" असे म्हणत तिने पोरीला मांडीवर घेतले, तिचे डोळे पदराने झाकले. "तिकडं बघ, तुझ्या पप्पाचं तोंड कसं झालंय बघ, माकडावानी."

पोरगी पदराआड खुदकन हसली आणि सुई गेल्यावर रडली. मोतीरामने नळी हलवली, पेन काढले आणि सवयीने शिवराजचे नाव लिहायला घेतले.

शिवराजने त्याचा हात धरला.

"माझं नको. तिचं टाक."

"आरं, मग कारखान्यात कसं चालंल?"

"कारखान्यात न्यायचंच नाय. चांगल्या लॅबला दे."

मोतीरामने खाली मान घालून राजनंदिनीचे नाव लिहिले.

सत्यभामा पोरीच्या हातावर कापूस दाबून फुंकर घालत होती.

"काय येड्यावानी करता वो," ती म्हणाली. "तिचं कशाला तपासायचं? ती कुठं कामाला हाय?"