वरची रेघ

छावणी भागातल्या कालिंदीबाईंचं अक्षर काय विचारता! जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, किती पोरांच्या बोटांना वळण लावलं. आणि आता म्हातारपणी जपानी अक्षर गिरवायला बसल्या, तर स्वतःचाच हात ऐकेना.

हा उद्योग कशापायी? तर नातीपायी. मुलगा मंदार ओसाकाला, त्याची चारुता तिथंच वाढलेली. रविवारी व्हिडिओ कॉलवर तोंड दाखवायची, ‘‘आजी, बरी आहेस? बाय!’’ म्हणून पसार. बाईंना ते लई लागायचं. पोरगी अशीच परकी झाली तर?

म्हणून त्या मोबाईलवर बघून ‘आकाश’ या अर्थाचं जपानी अक्षर शिकल्या. वर दोन आडव्या रेघा, खाली दोन फेंगडे पाय. फोनसमोर पाटी धरून ऐटीत काढलं: आधी पाय, मग मधली रेघ आणि सगळ्यात शेवटी वरची, आपल्या शिरोरेघेसारखी!

‘‘आजीऽऽ, चूक! वरची आधी!’’ चारुता खिदळली.

‘‘अगं, दिसायला सारखंच आहे की!’’

‘‘नाही! पुन्हा काढ.’’

पुन्हा तेच. जन्माची खोड, अशी जाते होय? पोरगी हातवारे करून शिकवत बसली. शिकवता शिकवता शाळेतली भांडणं सांगितली, पडलेला दात दाखवला. मंदार जेवायला हाका मारून थकला.

पुढच्या रविवारी बाईंनी घोटून घोटून अगदी बरोबर काढलं.

‘‘बरोबर! बाय, आजी.’’

घ्या! कुठून अवदसा आठवली, असं झालं बाईंना. डोळेच भरून आले.

मग काय, त्यानंतर वरची रेघ दर रविवारी शेवटी. पोरांची एक चूक न सोडणाऱ्या बाई मन लावून चुकायला लागल्या.

एकदा मात्र चारुतानं डोळे बारीक केले. ‘‘आजी, तू मुद्दाम चुकतेस ना?’’

बाईंचा चेहरा पडला. ‘‘व्हय गं बाई. बरोबर काढलं की तू पळतेस.’’

चारुता उठून गेली. संपलं, बाईंना वाटलं. तोच ती कागद-पेन्सिल घेऊन आली. ‘‘आता मी मराठीत ‘आजी’ लिहिते. तू शिकव.’’

तिनं आधी लांबलचक रेघ ओढली आणि मग तिला अक्षरं टांगली.

‘‘अगं, चूक! रेघ शेवटी!’’

‘‘अस्सं?’’ पोरीनं खोडलं. दुसऱ्यांदाही रेघच आधी ओढली आणि गालातल्या गालात हसत, आजी काय म्हणते याची वाट बघत बसली.