दोन बोटं खाली

यावर तुम्हा चौघांचा विश्वास बसणार नाही, आणि बसला तर सोसायटीच्या या बाकावर पुन्हा बसू नका. अठ्ठ्याण्णव साली एका उंदराने माझं बोट धरून मला पाण्याच्या नळीकडे नेलं.

मी तेव्हा प्रयोगशाळेच्या प्राणिघरात पिंजरे धूत असे. अमेरिकेहून परतलेल्या डॉक्टर अभिनवांनी आखूड पायांच्या उंदरांचा एक वंश आणला होता. मला एकदाच म्हणाले, "सुखदेव, सांध्यातली कूर्चा पाणी धरते ती सल्फेटमुळे. यांच्यात ते पुरवणारं एन्झाइम जन्मतःच अधू. म्हणून कूर्चेत पाणी टिकत नाही, हाडं वाढत नाहीत. आईचं दूध सुटलं की आठवड्यात मरतात. रोगच तसा. कळलं? नसेलच."

पिल्लं मरायची मात्र खरंच. मग त्या उंदराने बोट धरलं. पाहतो तर बाटलीची नळी धडधाकट उंदरांच्या उंचीला लावलेली. ही पिल्लं मागच्या पायांवर उभी राहायची, तोंड वर करायची आणि दोन बोटं कमी पडायची. मी बाटल्या दोन बोटं खाली केल्या. महिनाभर एकही मेलं नाही.

वाटलं, डॉक्टर खूश होतील.

"हे करायला कुणी सांगितलं?"

"उंदराने."

"अस्सं. मग नोकरीही त्याच्याकडेच माग. या मृत्यूंवर माझा शोधनिबंध छापायला गेलाय. बाटल्या होत्या तिथे लाव."

"साहेब, तहानेने मरतात ती."

"पीएच.डी. कुठून केलीस? स्वारगेटहून?"

मी ऐकून घेतो होय! किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला. राजीनामा तोंडावर फेकला आणि तडक चालत कर्वेनगरचं घर गाठलं. पुन्हा त्या फाटकात पाऊल...

"खोटं."

शेजारच्या बाकावर शेंगा सोलत बसलेली आमची बायको, मुक्ताई. मान वर न करता म्हणाली, "उंदराने बोट धरलं असेल, मी नव्हते तिथे. पण राजीनामा कसला हो? पुढे अकरा वर्षं त्या डॉक्टरचीच बोलणी खात होतात. डॉक्टर घरी गेला की बाटल्या खाली, तो यायच्या आत वर. मरत का नाहीत म्हणून तो डोकं खाजवत बसायचा. आणि आपल्या लेकीच्या, भाग्यश्रीच्या साखरपुड्यातून ऐन संध्याकाळी प्राणिघरात उठून गेलात, ते कशाला?"